खिशातल्या लवंगा

पंचफुलाबाई पाईकराव काठी घेऊन निघाली, की हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या तिच्या गावातले पेताड गडी गल्ली बदलायचे. उगाच नाही बदलायचे. बाई होतीच तशी. बुद्धविहाराच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष, आणि मंडळाचा कायदा सरळ होता: वस्तीतला कुणी पिऊन दिसला की त्याला धरायचं, तोंडाचा वास घ्यायचा, खिसे तपासायचे, आणि येत्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं करून पाचवं शील परत घ्यायला लावायचं. पाचवं शील म्हणजे दारूला न शिवण्याचं. घेतलं तर सुटला. नाही घेतलं, तर मंडळाची एकही बाई त्याच्या दारात पाय ठेवायची नाही, मग घरात लग्न असो की मयत. गावात राहणाऱ्याला याहून मोठी सजा काय असणार?

आणि धरून आणलेल्या माणसाला हे शील द्यायचं कुणी? तर तिच्याच नवऱ्यानं. सोनाजी पाईकराव वस्तीचे बौद्धाचार्य. लग्न असो, नामकरण असो, मयतीनंतरचं पुण्यानुमोदन असो, पांढरे कपडे घालून माईकसमोर सोनाजीच उभे राहायचे. आवाज असा, की मांडवातली रडकी लेकरंसुद्धा गप्प बसायची. बायको धरून आणायची आणि नवरा शील द्यायचा. लोक हसायचे, "पाईकरावाच्या घरी ठाणं बी हाये आन् कोर्ट बी."

पण अलीकडं हे कोर्ट जरा थकलं होतं. सोनाजींचा उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलायचा. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचं, तळहातावर तंबाखू मळावी तसं. चाल लहान झाली होती, आवाज खाली गेला होता. हसले तरी चेहरा हसायचा नाही. पंचफुलाबाई म्हणायची, कमजोरी हाये. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, ताकदीचं औषध दिलं, आणि तिनं रोज उकडलेलं अंडं चालू केलं. साठी उलटलेल्या माणसाला आणखी काय होणार, असा तिचा हिशेब.

मग सपनाच्या भावाचं, प्रज्ञेशचं लग्न आलं.

सपना म्हणजे मंडळातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी, पंचफुलाबाईचा उजवा हात. तिच्या घरचं लग्न म्हणजे आपल्याच घरचं. सोनाजींनी सकाळीच इस्त्रीचे पांढरे कपडे घातले. बटणं लावायला बराच वेळ गेला, पण तिला हात लावू दिला नाही. दोघं मांडवात पोचले आणि पंचफुलाबाई जागच्या जागी थबकली. माईकसमोर सेनगावचा कुणी परका बौद्धाचार्य उभा होता. सोनाजींना कुणीतरी मागच्या रांगेत खुर्ची दिली. ते बसले. हात मांडीवर हलत राहिला आणि शेजारचा माणूस खुर्ची उचलून जरा लांब सरकला.

पंचफुलाबाईनं सपनाला दंडाला धरून मांडवामागं नेलं.

"काहून गं? आमी मेलो होतो का? परका माणूस आणला!"

"काकू, मला नका विचारू."

"तुलाच विचारणार. बोल!"

सपना रडायलाच लागली. "काकू, लोकं म्हणतेत… काका पेतेत. वर्षापासून म्हणतेत. पाय अडखळते, हात हालते, बोललेलं समजत न्हाई. आमच्या पाहुण्यायनं सांगितलं, पेलेल्या माणसाच्या हातून लग्न नको. मी लई भांडले, काकू. आईच्यान भांडले."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. वर्षापासून! अख्ख्या वस्तीला माहीत आणि तिला नाही. अर्थात तिच्या तोंडावर हे सांगायची छाती होती कुणाची? सोनाजींनी आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं. तिचा बाप दारूनं मेला होता. नवऱ्याचं घर तिनं निवडलं ते याच एका गोष्टीवर, आणि आता लोक त्याच माणसावर थुंकत होते.

घरी आल्यावर तिनं फर्मान काढलं.

"येत्या पौर्णिमेला तुमी विहारात उभे राहा. मंडळ तुमाला तपासंल, जसं सगळ्याला तपासतं तसं. एकदा सगळ्यायचं थोबाड बंद होऊ द्या."

सोनाजींनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या चेहऱ्यावर आताशा काही वाचताच यायचं नाही.

"राहू दे ना," ते हळूच म्हणाले. "कशाला?"

"काहून? भेता का?"

हात तेवढा हलत राहिला. आणि खरं सांगायचं तर त्या "राहू दे"नं पंचफुलाबाईच्या मनात एक बारीक काटा मोडला. निर्दोष माणूस कशाला म्हणेल राहू दे? तिनं तो विचार झटकला. पण काटा मोडला तो मोडलाच.

पौर्णिमेला विहार गच्च भरला. एरवी भाषण असलं तरी माणसं जमत नाहीत. त्या संध्याकाळी जेवणं लवकर उरकून आली होती. अध्यक्षबाईचाच नवरा उभा राहणार म्हटल्यावर तमाशा कोण सोडणार? दारापासून बुद्धाच्या मूर्तीपर्यंत मधे वाट सोडून दोन्हीकडं लोक बसले होते. पंचफुलाबाई काठी घेऊन आत उभी होती, ताठ. आज तिला कुणाचं भय नव्हतं.

सोनाजी आले. लहान लहान पावलं टाकत, पुढं वाकून, अंगणातून दारापर्यंत आले. आणि उंबऱ्याशी येऊन थांबले.

"या ना मधी," पंचफुलाबाई म्हणाली.

सोनाजी तसेच. अंग पुढं झुकलेलं, पाय मात्र जमिनीला खिळलेले. पाऊल थरथरलं, टाच उचलली, पण पाय पुढं येईना.

"अवं या म्हणलं ना!"

त्यांचे ओठ हलले. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. पाठीमागून एक म्हातारी पुटपुटली, "बघा माय. पोटात पाप असलं की पाय उचलत न्हाई. भगवंताच्या समोर यायची हिंमत व्हईना."

ती कुजबुज पेटत्या काडीसारखी अख्ख्या विहारात फिरली. जे आजवर नुसते हसत होते, त्यांचे डोळे आता मोठे झाले. याच उंबऱ्यातून हा माणूस हजार वेळा आत गेला होता. आज काय झालं?

तेवढ्यात रणजीत उठला. गेल्या साली मंडळानं धरलेला. तेव्हापासून त्यानं पिणं सोडलं होतं, पण तो दिवस काही विसरला नव्हता.

"काकू, कायदा सगळ्याला बराबर म्हणल्या होत्या तुमी. खिसे बघा की."

"बघते!" पंचफुलाबाई कडाडली. "सगळ्यायसमोर बघते. डोळे फाडून पाहा!"

ती दाराशी गेली आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. हाताला कागदाची पुडी लागली. तिनं ती बाहेर काढून उलगडली.

लवंगा होत्या. मूठभर लवंगा.

रणजीतनं फार मोठा आवाज केला नाही, पण जे म्हणाला ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "माझ्या खिशात लवंगा सापडल्या तव्हा तुमी काय म्हणल्या होत्या, काकू? धड माणसाला लवंग लागत न्हाई, म्हणल्या होत्या."

म्हणाली होती. तिचेच शब्द होते. वस्तीतला जो जो पेताड तिनं धरला, त्याच्या खिशात लवंग नाही तर विलायची निघाली होतीच. वास झाकायला दुसरं काय ठेवणार?

तिनं पुढं होऊन नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्या गावासमोर, लग्नाच्या बायकोनं. लवंगांचा घमघमाट आला. नुसता लवंगांचा. पण लवंगांखाली काय दडलंय हे कुणी सांगावं?

"पेता?" तिचा आवाज फाटला. "खरंच पेता तुमी? मला फसवलं?"

सोनाजींचे ओठ पुन्हा हलले. चेहरा तसाच, भिंतीसारखा कोरा. लाज नाही, राग नाही, काही नाही. त्या कोऱ्या चेहऱ्यानंच तिचं डोकं फिरलं. तिनं काठी उचलली आणि त्यांच्या पायाजवळ उंबऱ्याच्या दगडावर अशी हाणली, की पुढची लेकरं दचकून आईला बिलगली.

"घ्या पाचवं शील! हितंच घ्या, भाईर उभं राहून. मधी यायची लायकी न्हाई तुमची."

ज्या माणसानं गावाला शील दिलं, त्यानं उंबऱ्याबाहेर हात जोडले. जोडलेले हातसुद्धा हलत होते. त्यांनी शील म्हटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत न्हाई! मोठ्यानं!" त्यांनी पुन्हा म्हटलं. तरी ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा म्हणत असताना सपना तोंडाला ओढणी लावून उठून गेली.

त्यानंतर त्या घरात शब्द उरला नाही. पंचफुलाबाई ताट आदळून ठेवायची. एकदा चुलीवर दूध ठेवून ती शेजारी गेली, तर दूध उतू जाऊन करपलं, धूर घरभर झाला, आणि सोनाजी चुलीला पाठ करून दोन हात अंतरावर बसलेले. "नाक हाये का काय हाये तुमाला?" ती ओरडली. ते गडबडीनं उठायला गेले, वळताना तोल गेला आणि चौकटीवर कपाळ आपटलं. रक्ताची धार लागली.

मग वसमतहून ज्योती आली. त्यांची एकुलती लेक. बापाच्या कपाळाची पट्टी पाहिली, बाप चालताना पाहिला आणि आईवर उखडली.

"आई, पेलेला माणूस संध्याकाळी हालतो, सकाळी न्हाई. बाबा उठल्यापासून हालून राहिले. एवढी पोलीस झालीस तू, हे दिसलं न्हाई तुला? मी उद्या नांदेडला नेते."

"ने. मी बी येते. डॉक्टरला ह्या लवंगा दाखवते," पंचफुलाबाई म्हणाली. पुडी तिनं जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. पदराच्या टोकाला बांधून ती एसटीत बसली. हिंगोलीपासून नांदेडपर्यंत तिनं नवऱ्याच्या बाजूला एकदाही मान वळवली नाही.

मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी सोनाजींना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हात सैल सोडायला सांगून मनगट हळूहळू फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "बाबा, तो पेला उचलून पाणी प्या." पंचफुलाबाई बघत होती. मांडीवर नुसता ठेवलेला हात केव्हाचा हलत होता. पेल्याकडं जाताना तो शांत झाला. पेला तोंडाला लागला, फारसं पाणी सांडलं नाही. पेला खाली ठेवून हात मांडीवर आला आणि पुन्हा हलायला लागला. इतक्या महिन्यांत तिनं हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"पार्किन्सन आहे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतला आजार. हात थरथरतो, शरीर ताठरतं, चाल बारीक होते, आवाज खाली जातो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, म्हणून लोकांना वाटतं याला काही वाटतच नाही. आत सगळं वाटत असतं. दारातून जाताना पाय चिकटतात का कधी?"

ज्योतीनं आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"चिकटतात," सोनाजी म्हणाले.

"होतं तसं. दार आलं, अरुंद जागा आली की पाय निघतच नाही. अशा वेळी ओढायचं नाही, ओरडायचं नाही. समोर काहीतरी आडवं ठेवायचं, काठी, रेघ, काहीही. ते ओलांडायचं म्हटलं की बऱ्याचदा पाय उचलतो. बरं, वास येतो का बाबांना? अनेकांचा वास वर्षानुवर्षं आधीच जातो."

"करपलेल्या दुधाचा आला न्हाई," ज्योती म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावर इकडंतिकडं पाहिलं. "काही उग्र वासाचं आहे का कुणाकडं?"

पंचफुलाबाईनं पदराची गाठ सोडली. का सोडली, तिचं तिलाच कळलं नाही. पुडीतल्या लवंगा तळहातावर चुरडल्या आणि नवऱ्याच्या नाकाशी धरल्या. "डोळे झाका," ती म्हणाली. "काय हाये सांगा."

सोनाजींनी डोळे झाकून लांब श्वास ओढला. एकदा, मग परत.

"काई न्हाई," ते म्हणाले. "तुझा हात हाये."

तिचा हात तिथंच थांबला. त्या लहानशा खोलीत लवंगांचा वास असा दाटला होता, की डॉक्टरसुद्धा नाक चोळत होते.

"मग ह्या लवंगा कशाला ठिवत होते खिशात?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळेना.

सोनाजींना बोलायला वेळ लागला. डॉक्टरांनी घाई केली नाही. "लोकं बाजूला सरकायचे," ते म्हणाले. "कुणी नाकाला रुमाल लावायचं. एकजण म्हणला, वास मारतो म्हाताऱ्याचा. मला तर वासच येईना कशाचा. मला वाटलं, येत असंल. माझ्या अंगालाच कसला तरी येत असंल. दोनदोनदा आंघोळ करायलो. तरी लोकं सरकायचेच." ते थांबले, दम घेतला. "तू मंडळाची अध्यक्ष. तुला खाली पाहावं लागू नये म्हणून लवंगा घेतल्या."

माय माय! काय ऐकलं हे? पंचफुलाबाईला रडूसुद्धा आलं नाही. जो वास नव्हताच, तो झाकायला या माणसानं खिशात लवंगा ठेवल्या, तिच्यासाठी ठेवल्या, आणि त्याच लवंगा उघड्या करून तिनं त्याला गावासमोर नागवं केलं. त्या दिवशी उंबऱ्याशी ओठ हलले ते हेच सांगायला हलले असतील. आणि तिनं काय केलं? काठी आपटली.

"बाबा, तवाच काहून सांगितलं न्हाई?" ज्योती रडत म्हणाली.

"सांगत होतो," सोनाजी म्हणाले. "ऐकू गेलं न्हाई कुणाला."

गोळ्या सुरू झाल्या. ठरल्या वेळी घेतल्या की हात जरा निवायचा, बटणं लागायची. हा आजार मुळासकट जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पंचफुलाबाई वस्तीत दारोदार फिरून सांगत होती, नाव पाठ करून. लोक मान डोलवायचे आणि ती वळली की हसायचे. पारावर कुणी म्हणालं, "दारूला आता विंग्रजी नाव आलं का?" एकीनं तर तिच्या तोंडावर विचारलं, "लागट न्हाई ना ते? आमच्या घरी लहान लेकरं हायेत." दुसरी म्हणाली, "मागच्या कशाचं तरी भोगून राहिले, दुसरं काय." पंचफुलाबाई पहिल्यांदा कुणावर ओरडली नाही. ओरडायचं कोणत्या तोंडानं? तिच्या काठीनंच तर शिक्का मारला होता.

सोनाजी विहाराकडं जाईनात. बोलायचे नाहीत, पण पौर्णिमा जवळ आली की पेटीतून पांढरे कपडे काढायचे, घडी मोडून पुन्हा घडी घालायचे आणि परत ठेवून द्यायचे. या माणसाला पुन्हा मूर्तीसमोर उभं राहून शील देता आलं नाही, तर तो आजारानं नाही, त्या उंबऱ्यावरच मरेल, हे तिला पक्कं कळलं होतं.

मग एका पौर्णिमेला तिनं त्यांना हाताला धरून आणलं. विहार भरलेला. बातमी लागली होतीच. सगळ्यांच्या नजरा दाराकडं, आणि सोनाजींचा पाय पुन्हा तिथंच, त्याच दगडाशी, खिळला. एक नि:श्वास अख्ख्या विहारातून गेला. "बघा, आज बी," कुणीतरी म्हणालंच.

पंचफुलाबाईनं ओढलं नाही. ती खाली वाकली आणि हातातली काठी, वस्तीतल्या हरएक पेताडाच्या पाठीला ठाऊक असलेली ती काठी, त्यांच्या पायासमोर उंबऱ्यावर आडवी ठेवली. "ही वलांडा," ती म्हणाली. "घाई न्हाई."

सोनाजींनी काठीकडं पाहिलं. मग उजवा पाय उचलला, चांगला उंच उचलला, आणि काठीपलीकडं टाकला. मागून डावा आला. आणि मग ते लहान लहान पावलांनी, पण न थांबता, मधल्या वाटेनं थेट मूर्तीपर्यंत गेले. रणजीत तोंड उघडं टाकून बघत राहिला. सपनानं पळत जाऊन माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

आता ते शीलाआधीचं त्रिशरण सुरू करणार, तोच दारातून आवाज आला.

"थांबा." पंचफुलाबाई काठीपलीकडं, बाहेरच उभी होती. तिनं हात जोडले होते. "ह्यांनी कधी थेंबाला शिवलं न्हाई. मी ह्यांच्यावर खोटा आळ घेतला, ह्या सगळ्या गावासमोर घेतला. कायदा सगळ्याला बराबर. खोटं न बोलायचं चौथं शील मी मोडलं. मला उभं करा. मला द्या शील. हितंच, भाईर देऊन टाका."

सोनाजींचा चेहरा तसाच कोरा होता, पण आता निदान तिला माहीत होतं, आत सगळं आहे. त्यांनी माईककडं तोंड नेलं. आवाज बारीकच होता, पण विहार इतका गप्प होता, की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेला.

"मधी ये, पंचफुला. उंबऱ्याभाईर उभं करून कुणाला शील देत न्हाईत."

पंचफुलाबाईनं समोरच्या काठीकडं पाहिलं. तिचा पाय काही केल्या उचलेना.